साखर गेली म्हणतेस, मग ऐक

मनू, काल तू म्हणालीस, "ताई, साखर गेली एकदाची. ते मशीन आता कुणाला तरी देऊन टाकते." तुझ्या आवाजात इतकी सुटका होती की तेव्हा मला पुढे बोलावंसं वाटलं नाही. शेवटचे तीन महिने रोज बोटं टोचून घेतलीस, डोहाळजेवणातही ताटातली जिलबी बाजूला काढलीस. बाळ छान आहे, तुझे टाके भरलेत, आनंद व्हायलाच हवा. पण मशीन इतक्यात देऊ नकोस. आणि डिस्चार्ज कार्डावर अगदी खाली, सहा आठवड्यांनी करायची म्हणून जी तपासणी लिहिली आहे ना, ती चुकवू नकोस. लॅबमध्ये मी हे रोज बघते. गरोदरपणात न चुकता रक्त द्यायला येणाऱ्या बायका बाळंतपणानंतर दिसतच नाहीत. बाळाच्या लसींच्या तारखा घरात सगळ्यांना पाठ असतात, आईची तारीख कुणाच्याच लक्षात नसते. काही वर्षांनी त्यांच्यातलीच एखादी येते, फार तहान लागते, थकवा जात नाही म्हणून. तिचा रिपोर्ट छापताना माझ्या पोटात तुटतं, कारण हे आधी कळू शकलं असतं.

साखर गेली म्हणजे काय झालं, ते आधी समजून घे. गरोदरपणात वार स्वतःची हार्मोन्स सोडते. बाळाला साखरेचा पुरवठा कमी पडू नये म्हणून ती हार्मोन्स आईच्या शरीरावरचा इन्सुलिनचा अंमल ढिला करतात. मग तेवढंच काम करायला स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करावं लागतं. बऱ्याच जणींचं स्वादुपिंड ते निभावतं, तुझं थोडं कमी पडलं. वार पडली, ती हार्मोन्स उतरली आणि दोन दिवसांत साखर खाली आली. पण कमी पडलेलं स्वादुपिंड तेच आहे, मनू. २०२० मध्ये जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तेव्हा दिसलं की गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या जवळजवळ दहापट असतो. तुला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. ज्या गोष्टीचा पत्ता बहुतेकांना पन्नाशीच्या आसपास लागतो, ती तुला सत्ताविसाव्या वर्षी कळली आहे आणि हातात भरपूर वर्षं आहेत.

तपासणी कशी करायची तेही सांगून ठेवते. आदल्या रात्री जेवल्यावर आठ-दहा तास पाण्याशिवाय काही नाही. सकाळी उपाशीपोटी एकदा रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळात फिरायचं नाही, बसून राहायचं. उलटी झाली तर ती तपासणी धरायची नाही, दुसऱ्या दिवशी नव्याने करायची. आधीचे तीन दिवस रोजचं जेवण जेव. रिपोर्ट चांगला यावा म्हणून भात-पोळी सोडून येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्याने उलट आकडा चुकतो. दोन तासांची साखर १४०च्या खाली आली तर उत्तम, तरी दर वर्षी एकदा करायची. १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर. २०० किंवा वर गेली, की मग डॉक्टरांकडेच.

नुसती उपाशीपोटीची करून भागणार नाही. आपल्याकडच्या कितीतरी जणींची उपाशीपोटीची साखर नीट असते आणि खाल्ल्यावरची चढते. आणि कुणी म्हणालं की तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी करून टाक, तर आत्ता नको म्हण. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, तांबड्या पेशी नव्या बनत असतात, त्यामुळे ती सरासरी खरी येत नाही. लोह कमी असेल तर ती उगाच वर दिसू शकते. तुझं हिमोग्लोबिन नवव्या महिन्यात किती होतं, आठवतंय ना?

आता तुझा तो प्रश्न, जो तू मला तीनदा विचारलास: "मी तर बारीक, मग मलाच का?" याचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे वजन-उंचीच्या हिशोबात दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, त्यातही पोटाभोवती. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा म्हणतात. वजनकाट्यापेक्षा कमर मोजायची टेप जवळ ठेव.

हे जन्मापासूनच असतं, हे याज्ञिकांच्या चमूने दाखवलं ते मला फार मोठं वाटतं. १९९३ मध्ये, माझा जन्म झाला त्याच वर्षी, पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या बायकांची नोंद सुरू झाली, लग्न झालेल्या पण अजून गरोदर नसलेल्यांपासून. शेतात राबणाऱ्या, कमी वजनाच्या, कमी खाणाऱ्या बायका. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं जवळजवळ सगळ्याच मापांत लहान: पोट लहान, दंड बारीक. फक्त पाठीवरची, त्वचेखालची चरबी तेवढी कमी नव्हती. आईच्या पोटात जे मिळालं त्यातून शरीराने मेंदू सांभाळला, चरबी राखली आणि स्नायूंवर काटकसर केली. त्या गावांतली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची ग्लुकोजचं पाणी देऊन तपासणी केली गेली. सुमारे तीन जणांत एकाची साखर बिघडलेली निघाली, आणि तीही खेड्यातल्या सडपातळ पोरांची! ज्यांची बिघडली, त्यांच्या स्वादुपिंडाला लहानपणापासूनच गरजेएवढं इन्सुलिन करायला जमत नव्हतं. सगळ्यांचा मधुमेह खादाडपणातून येतो म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

यावरून मला आपली आई आठवते. ती १९७३च्या जानेवारीतली. तिच्या वेळी आजी पारनेरच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडत होती, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि सुकडी खाऊन. मुलीच्या अंडाशयातली सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे तू आणि मी ज्या बीजांतून आलो, ती बीजं दुष्काळात, आजीच्या पोटातल्या आईच्या पोटात होती. आपल्या घराची तपासणी कुणी केलेली नाही, तेव्हा आपल्यात काय झालं ते कुणी सांगू शकणार नाही. पण १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये जी उपासमार झाली, तेव्हा पोटात असलेल्या बाळांची पन्नाशीतली साखर इतरांपेक्षा जास्त बिघडलेली आढळली. उपाशी काळ शरीर विसरत नाही, एवढं मात्र पक्कं आहे.

आता पाळीचं. कॉलेजात असताना तुझी पाळी दोन-दोन महिने यायची नाही, हनुवटीवर केस आले, आणि सोनोग्राफीत पीसीओएस निघाला तेव्हा तू किती रडली होतीस. तुला वाटतं, साखर हा वेगळा आजार आणि पीसीओएस वेगळा. मनू, ते एकाच धाग्याचे आहेत. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही म्हणून ते जास्त इन्सुलिन करतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. शिवाय यकृतात एक प्रथिन बनतं जे ते हार्मोन बांधून ठेवतं, ते प्रथिनही कमी होतं. मग मोकळं हार्मोन वाढतं, बीज पिकत नाही, पाळी लांबते, केस येतात. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नाहीत, अर्ध्यावर वाढ थांबलेल्या बीजांच्या पिशव्या आहेत. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ मध्ये जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात साफ लिहिलंय की पीसीओएस असलेल्या प्रत्येकीची साखर निदानाच्या वेळी तपासावी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी. त्यातही ग्लुकोजचं पाणी देऊन केलेली तपासणी सर्वांत भरवशाची. किती मुलींना हे सांगितलं जातं? पाळी आणायच्या गोळ्या मिळतात, लग्न कधी करणार ते विचारलं जातं, साखर कुणी बघत नाही. याचा मला खरंच संताप येतो.

पीसीओएसवर नवं काय चाललंय विचारलंस. २०२४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये छापलं की मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन गटातलं एक औषध १९ बायकांना बारा आठवडे दिलं, आणि त्यातल्या १२ जणींची पाळी नियमित झाली. औषध अंडाशयात पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या एका एन्झाइमचा मार्ग मोडतं म्हणतात. आशा वाटण्यासारखं आहे, पण १९ जणी म्हणजे फारच थोड्या, तेव्हा कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर त्या गोळ्यांचं नाव पाठवलं तर घेऊ नकोस.

कॉलेजपासून तू मेटफॉर्मिन घेतलीस ना, मग बी-१२ एकदा तपास. ती गोळी बराच काळ घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि आपण तर घरात शाकाहारी. पुण्याच्या त्या गावांमध्ये दोन-तृतीयांश आयांचं बी-१२ कमी निघालं होतं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त होतं. म्हणून फॉलिक अ‍ॅसिड बंद करायचं असं मुळीच नाही. बाळाच्या मणक्यासाठी ते लागतंच. पण सोबत बी-१२ बघायला हवं, ही गोष्ट आपल्याकडे कुणी फारशी बोलत नाही. पुढे त्याच गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना लग्नाआधीपासून रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं गेलं, म्हणजे पुढच्या पिढीला आधीच हात द्यायचा. मुलांनाही दिलं हे मला विशेष आवडलं. बाळाच्या तब्येतीचा सगळा जाब आईलाच विचारायची आपल्याला सवय आहे.

सासूबाईंचं मन मोडू नकोस, पण त्यांच्याशी बोल. डिंकाचे लाडू त्या प्रेमाने करतात, तूप-सुकामेवा तुला हवाच आहे. फक्त गुळाचा पाक कमी करायला सांग आणि दिवसाला एकच. अळिवाची खीर करायची तर साखर न घालता दुधात शिजवून, वर खोबरं. शतावरी कल्प मात्र बाजूला ठेव. त्या बरणीवरची यादी नीट वाच, बहुतेकांत साखरच पहिली असते. "बाळंतिणीने भात-वरण-तूप खायचं" हे बरोबरच आहे, पण ताटात आधी मेथीची भाजी किंवा कोशिंबीर, मग मटकीची उसळ, शेवटी भात. रोज थोडं पनीर, दही, अंडं चालत असेल तर अंडं. स्नायूंना प्रथिनं लागतात आणि साखरेचं मोठं कोठार स्नायूंतच आहे. जेवणानंतर बाळाला खांद्यावर घेऊन पंधरा मिनिटं घरातल्या घरात फिर, त्यालाही ढेकर येईल. टाक्यांना सोसेल तसंच, पण दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून वजन उचलायचा व्यायाम जरूर सुरू कर. आणि पाज, मनू, जेवढं जमेल तेवढं. कॅलिफोर्नियात गरोदरपणात मधुमेह झालेल्या हजारावर बायकांचा दोन वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा जास्त पाजणाऱ्यांमध्ये मधुमेह निम्म्याच्या आसपास कमी दिसला. नाही जमलं, दूध कमी आलं, तरी स्वतःला बोल लावायचा नाही. इतर वाटा आहेत.

त्या वाटा सोप्या आहेत असं मी म्हणणार नाही. भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या सोळाशेच्या वर बायकांवर एक मोठा प्रयोग झाला, सगळ्या तुझ्यासारख्या. अर्ध्यांना आहार-व्यायामाची शिकवणी आणि पाठपुरावा, अर्ध्यांना नेहमीचा सल्ला. २०२२ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांत फारसा फरक नाही. वर्षभराहून थोड्या अधिक काळात दोन्हींकडच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या बायकांची साखर आणखी बिघडली. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. तान्हं बाळ, रात्रीची जाग, घरकाम आणि पुन्हा नोकरी. वर कुणीतरी येऊन चालायला जा म्हणतं. बाळ कोण धरणार? त्यामुळे तुझ्या नवऱ्याशी, अमोलशी मी स्वतः बोलणार आहे. संध्याकाळचा पाऊण तास बाळ त्याच्याकडे, ही तुझ्या औषधाइतकी गरजेची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये, ज्या बायकांना पूर्वी गरोदरपणात मधुमेह झाला होता, त्यांच्यात नीट पाळलेल्या आहार-व्यायामाने मधुमेह निम्म्याने कमी झाला. मेटफॉर्मिननेही तेवढाच, आणि ती गोळी इतर बायकांना मात्र एवढी उपयोगी पडली नव्हती. तेव्हा उंबरठ्यावर आलीस तर डॉक्टरांना गोळीबद्दल मोकळेपणाने विचार.

एक मधलंच सांगते, नाहीतर राहून जाईल. बाळंतपणानंतर काही महिन्यांत थायरॉइड बिघडू शकतं. आधी छातीत धडधड, झोप नाही, मग खूप थकवा, उदासपणा, केस गळणं. सगळे म्हणतात बाळंतीण आहे, चालायचंच. असं वाटलं तर टीएसएच कर. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर रक्त द्यायच्या दोन दिवस आधी थांब आणि लॅबमध्ये सांग, कारण त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येतात.

बाळाला साखर, गूळ, मध काहीही चाटवू देऊ नकोस. मधाने तर वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. ब्रिटनमध्ये युद्धाच्या वेळी सुरू झालेलं साखरेचं रेशनिंग १९५३च्या सप्टेंबरमध्ये उठलं. त्याआधी पोटात आणि पहिली दोन वर्षं कमी साखरेत वाढलेल्या मुलांना पुढे मधुमेह सुमारे ३५ टक्के कमी झाला आणि ज्यांना झाला त्यांना सरासरी चार वर्षं उशिरा, असं २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. आपल्या छोटीला पहिला वाढदिवस होईस्तोवर गोड चव माहीत नसली तरी तिचं काही बिघडत नाही.

वजन उतरवायची इंजेक्शनं सध्या सगळीकडे चर्चेत आहेत. ती खरोखर प्रभावी आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण पाजत असताना नाही, आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपाटाइडमुळे तर गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी होऊ शकतो. दुसऱ्या वेळी मात्र दिवस राहण्याआधीच साखर, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं, दिवस गेल्यावर लगेच पुन्हा.

आईचं तेवढं राहिलं. ती बावन्न वर्षांची झाली. थायरॉइडची गोळी घेते, पण जेवणानंतरची साखर तिने कधी तपासलेली नाही, "मला काय होतंय" म्हणत. या महिन्यात तिचं रक्त मी घेणार आहे. गेल्या आठवड्यात ती मला हळूच विचारत होती, "मनूला झालं ते माझ्यामुळे का गं?" मी नाही म्हटलं. दुष्काळात जन्माला आलेल्या मुलीने आणि खडी फोडणाऱ्या तिच्या आईने जे मिळेल त्यात दोन पिढ्या जगवल्या, यात दोष कुणाचा? पण माझं ऐकून तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. उद्या तुझ्याशी बोलेल तेव्हा तू स्वतःहून सांग तिला.